सोमवारचा बाप्पा

ब्राह्मणपारा, रायपूर
रविवार दुपार

प्रिय माया,

गेल्या रविवारी तू ठेवून गेलीस तो कागद माझ्यासमोर टेबलावर आहे. कुणी टाईप केला हे सांगायला खाली नाव लागत नाही. तारीख उजव्या कोपऱ्यात, समास दोन्हीकडे सारखा, आणि शेवटी माझ्या सहीसाठी रेघ मारून ठेवलेली, तिच्याखाली माझं पद आणि पूर्ण नाव, एकही काना-मात्रा न चुकता. ऑफिसच्या हिंदीत तू जे लिहिलं आहेस त्याचा मतलब एवढाच, की सहा वर्षांपूर्वी मी पाठवलेली सूचना तुझ्या संगणकावर लिनक्स ही वेगळी सिस्टम असल्यामुळे तांत्रिक कारणाने उघडली नसावी आणि यात कुणाचाही दोष नाही. मी सही केली की उद्या अकरा वाजता हा कागद समितीपुढे जाईल आणि तुझ्या सेवापुस्तिकेतला 'खोटे निवेदन दिले' हा शेरा पुसला जाईल. एकतीस तारखेला तू निवृत्त होते आहेस, म्हणजे तुझ्यासाठी उद्याची बैठक शेवटचीच. चहाचा कप दोन्ही हातांत धरून तू म्हणालीस, "प्रमो, मले पद नाही पाहिजे, काही नाही पाहिजे. फक्त खोटं बोलली असं लिहून ठेवलं ना, तेवढं मिटलं पाहिजे. माह्या पायलनं कधी वाचलं तं काय म्हणन?" मी म्हटलं, बघते. आठ दिवस बघतेच आहे. आमचे नरहर दोनदा विचारून गेले की हाताने एवढं काय लिहीत बसली आहेस. मी सांगितलं, मैत्रिणीला पत्र.

बावीस वर्षं झाली आपल्या मैत्रीला. ऑफिस जुन्या शहरात होतं तेव्हापासूनची. मग ते नव्या रायपुरात गेलं आणि आपल्या वाट्याला स्टाफ बस आली. तू गुढियारीहून आधी चढायचीस आणि माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचीस, सीटवर डब्याची पिशवी ठेवून. त्या डब्याबद्दल आज सांगूनच टाकते. दुपारी तू डबा उघडून माझ्यापुढे सरकवायचीस आणि माझा उपवास निघायचा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि बुधवारी-शुक्रवारी पोट बिघडलेलं. एवढे उपवास हिमालयातल्या ऋषीनेही केले नसतील, आणि ऋषीचं वजन असं वाढत नाही. काहून, असं तू एकदाही विचारलं नाहीस. उलट साबुदाण्याची खिचडी करून आणायला लागलीस, शेंगदाण्याचं कूट जास्त घालून, मला आवडतं म्हणून. घरी नेऊन खाते असं सांगून ती मी बसच्या ड्रायव्हरला द्यायचे. त्याला फार आवडायची. माझं सासरचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपूरहून आलेलं आणि तुझे वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर, एवढंच लिहून थांबते. उरलेलं तुला तेव्हाही कळत होतं, फक्त तू ते उपवास म्हणून चालवून घेतलंस.

मग ते लिनक्स आलं. दहा-अकरा वर्षांपूर्वीचे ते साहेब आठवतात ना, ज्यांनी आपल्या शाखेतल्या सगळ्या मशीनवर ते बसवायला लावलं? सगळी शाखा रडली. मेल उघडायची जागा वेगळी, फाईल ठेवायची जागा वेगळी, बैठकीचं निमंत्रण आलं तर ते कॅलेंडरवर कसं चढवायचं ते कुणाला ठाऊक नाही. मी तर देवाला नारळ बोलले की हे संकट जाऊ दे. तू मात्र दोनशे पानी वही घेतलीस आणि जेवणाच्या सुट्टीत त्या मशीनसमोर बसू लागलीस. तीन महिन्यांत तू आम्हाला शिकवत होतीस. एकच पत्र दोघांनी एका वेळी उघडलं तर कुणाचा बदल टिकतो, साहेबांचं कॅलेंडर आपल्याला कसं दिसतं, सगळ्यांची मिळून एक फाईल कशी ठेवायची. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, म्हणून पोरं तुला पेंग्विन दीदी म्हणायला लागली. अभनपुरच्या शाखेने तुला शिकवायला बोलावलं तेव्हा गाडी पाठवली होती, आठवतं? मला सबंध नोकरीत कुणी गाडी पाठवली नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी त्या दिवशी घरी म्हटलं. नरहर म्हणाले, ती तर तुझ्या आधीपासून नोकरीत आहे. त्यांना कुठे काय बोलावं हे कधीच कळलं नाही.

ते साहेब बदलून गेले आणि सगळे पुन्हा जुन्या सवयीच्या सिस्टमवर आले. एकटी तू राहिलीस. "आपल्या हातानं बसवलं, काहून काढू?" म्हणालीस. जमवूनही घेतलंस. सगळ्यांचे मेल तुझ्याकडे नीट यायचे, तुझे सगळ्यांकडे नीट जायचे. अडचण होती ती एकट्या माझ्या मेलची. माझ्या मेलखाली सहीसोबत गणपतीचं चित्र असतं, लाल शेल्याचं, मुकुटाचं, खाली 'शुभं भवतु'. तुझ्या मशीनवर माझा मजकूर दिसायचा पण बाप्पा दिसायचा नाही. त्याच्या जागी विनमेल डॉट डॅट नावाची एक फाईल यायची आणि ती काही केल्या उघडायची नाही. तू मला फोन केलास, "प्रमो, हे काय येऊन राह्यलं तुह्या मेलसंगं?" मी म्हटलं, काही नाही ग, माझा बाप्पा असेल. तू केवढी हसलीस. "तुह्या बाप्पाले माह्या मशीनमंधी जागा नाही वाटते. डब्यात बंद होऊन येते तो!" तेव्हापासून तो आपला विनोदच झाला. दर सोमवारी मी सगळ्यांना 'शुभ सोमवार'चा मेल पाठवायचे आणि बसमध्ये तू सांगायचीस, आला बाप्पा डब्यातून. ती फाईल उघडून बघायचा प्रयत्न तू पुन्हा केला नाहीस. मैत्रिणीचा देव आहे, राहू दे बंद, असं तुला वाटत असणार.

आता जे सांगते ते तुला माहीत नाही. कंत्राटावरचा तो नीलेश, मशीनं दुरुस्त करायला यायचा तो, एकदा माझ्या टेबलाशी बसला होता. बोलता बोलता मी त्याला बाप्पाचा विनोद सांगितला. त्याने माझ्या मेलच्या पत्त्यांमधलं तुझं कार्ड उघडलं आणि लगेच म्हणाला, "दीदी, माया दीदी के कार्ड में ये एक टिक लगा है, इसीलिए उनको सब डब्बे में जाता है. फोटो, कागज, मीटिंग, सब. हटा दूँ?" मी विचारलं, बाकीच्यांकडूनही असंच जातं का? "नहीं दीदी, सिर्फ आप के यहाँ से." त्याचं बोट माऊसवर होतं, एक टिचकी आणि काम झालं असतं. मी म्हटलं, रहने दो भैया, बाप्पा का रंग उतर जाएगा. तो "हव दीदी" म्हणून उठला. त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं असं लिहिणार होते, पण या पत्रात तरी खोटं कशाला. काहीतरी होतं. काय होतं ते माझं मलाच नीट कळलं नव्हतं, एवढंच.

कळलं ते अधीक्षकाची जागा निघाली तेव्हा. ज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. तुझी नोकरी माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी जुनी. ती यादी मीच टाईप केली होती, तुझं नाव वर, माझं खाली, आणि टाईप करताना माझ्या अंगाची लाही झाली. तुझ्या टेबलासमोर रजेचा अर्ज घेऊन उभं राहायचं. तू नाही म्हणणार नव्हतीस ग, तू लगेच सही करणार होतीस, वर चहा मागवणार होतीस, आणि मला त्याचाच राग आला. ब्राह्मणपाऱ्यात बायका विचारतील, तुमची साहेब कोण, तर मी काय सांगणार होते? लाज वाटली मला, माया. तेव्हा तुझ्या नावाची वाटली, माझी स्वतःची वाटायला पुढे बरीच वर्षं गेली.

साहेब तेव्हा नवे आले होते, कागदाचे वैरी. जे मेलवर तेच खरं, हा त्यांचा नियम. यादीतल्या चौघांनी शुक्रवारी पाचच्या आत सहमतीपत्र भरून पाठवायचं होतं. जो पाठवणार नाही त्याने जागा नाकारली असं धरणार. ती सूचना पाठवायचं काम माझं. मी ती वेगळ्या मेलने पाठवू शकले असते, तुझ्या टेबलाशी येऊन सांगू शकले असते. मी ती माझ्या सोमवारच्या मेलला जोडली. वर विषय 'शुभ सोमवार', आत एकच ओळ, 'आपला आठवडा मंगलमय जावो, सोबत जोडले आहे', खाली सूचना, त्याखाली बाप्पा. यादीतल्या बाकी दोघांना आणि साहेबांना सूचना दिसली. तुला डबा दिसला. मेल वाचला की पोच यावी म्हणून मी तशी खूणही केली होती. तुझ्या मशीनने तुला विचारलं असणार, पाठवणारीला कळवायचं का? इतर कुणी असल्या प्रश्नाला भीक घालत नाही. तू हो म्हणालीस. दहा वाजून बारा मिनिटांनी तुझी पोच माझ्याकडे आली.

त्यानंतर चार दिवस आपण बसमध्ये शेजारी बसलो. मंगळवारी तू पायलच्या परीक्षेचं सांगितलंस. बुधवारी माझा गुडघा दुखत होता म्हणून माझी पिशवी तू मांडीवर घेतलीस. गुरुवारी तू विचारलंस, "सूचना कधी निघन म्हणते साहेब?" आणि मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, त्यांच्या मनात येईल तेव्हा. शुक्रवारी पाचला मी घड्याळ बघितलं. तू तुझ्या जागेवर कुणाला तरी कॅलेंडर शिकवत होतीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तो कापताना हात जरासुद्धा जड होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते सांगते. तू साहेबांच्या खोलीत शपथेवर म्हणत होतीस की सूचना मिळालीच नाही. त्यांनी तुझी पोच स्क्रीनवर दाखवली. तुझा चेहरा उतरला, तरी तू तेच म्हणत राहिलीस, मिळाली नाही सर. मग मला बोलावलं. मी म्हटलं, मेल तो गया था सर. पाच शब्द, त्यातला एकही खोटा नाही. शेरा त्या पाच शब्दांवर पडला. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही ओरडेल, निदान बोलणार नाही माझ्याशी. तू माझा हात धरलास. "तुहा काही दोष नाही प्रमो. मशीननंच दगा देल्ला." आणि पुढच्या आठवड्यात तू स्वतः अर्ज देऊन ते मशीन काढायला लावलंस. नीलेश सगळं पुसत होता आणि तू बाजूला उभी होतीस, दोनशे पानी वही छातीशी धरून. पेंग्विन दीदी म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं. ज्या एका गोष्टीत तू आमच्या सगळ्यांच्या पुढे होतीस, तिच्यावरच तू दोष ठेवलास. माझ्या बढतीचे पेढेही तूच आणलेस. त्या दिवशी गुरुवार होता, दत्ताचा.

सहा वर्षं मी त्या खुर्चीवर बसले. रजेचा अर्ज घेऊन तू माझ्यापुढे उभी राहिलीस आणि मी तो दोन-दोन दिवस ठेवून घेतला, काही कारण नसताना. एकदा पायलच्या कॉलेजच्या कामासाठी तुला अर्धा दिवस हवा होता, तो मी नाकारला. तू 'बरं' म्हणालीस. तुझ्या त्या 'बरं'चा मला किती संताप यायचा, तुला कल्पना नाही. तू एकदा जरी तिरकं बोलली असतीस तर मी सुटले असते. चोराच्या मनात चांदणं असतं, आणि तू तर रोज सकाळी माझ्यासाठी खिडकीची जागा धरून बसलेली.

गेल्या रविवारी जाता जाता तू ती पायलची गोष्ट सांगितलीस, गंमत म्हणून. तू जुने मेल पेनड्राईव्हमध्ये जपून ठेवले आहेत. तुझ्या पोरीने ते बघितले आणि तुला विचारलं, "मम्मी, बाकी सबके तो खुलते हैं, सिर्फ आंटी के क्यों नहीं खुलते?" ती म्हणाली, हा डबा उघडायला दोन मिनिटं लागतात, उघडून समितीलाच दाखवू, आणि कुणाकडून बंद होऊन आला तेही दाखवू. तू तिला रागावलीस. "म्या म्हटलं, प्रमोवर संशय घेतं का वं पोट्टे? तिनं माह्यासाठी किती केलं तुले काय माहीत!" पेनड्राईव्ह तिच्या हातातून घेऊन तू कपाटात कुलपात ठेवलास. हे सांगताना तू हसत होतीस आणि मी तुझ्या कपात आणखी चहा ओतत होते. तो सांडला. तुझ्या या कागदाच्या कोपऱ्यावरचा डाग त्याचाच आहे. पायल हुशार निघाली. तिने बरोबर प्रश्न विचारला होता, माया.

तर आता हे पत्र का, ते सांगते. मी तुझ्या कागदावर सही करणार नाही. उद्या सकाळी मी आधी पोस्टात जाईन, हे पाकीट टाकीन, आणि मग अकरा वाजता समितीपुढे बसून तेच पाच शब्द म्हणेन. तू मला साक्षीदार म्हणून लिहून दिलं आहेस. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ना, तसं. सही केली तर ते विचारतील की बाकी तिघांना मिळाली आणि हिलाच का नाही, आणि विचारत विचारत माझ्या टेबलापर्यंत येतील, ही भीती आहेच. पण नुसती भीती असती तर गप्प बसले असते, पत्र लिहिलं नसतं. तुझा कागद खरा ठरला तर दोष मशीनचा ठरतो, आणि मी तुझी मैत्रीण ती मैत्रीणच राहते. निवृत्त होऊन तू घरी बसशील, दर सोमवारी फोन करून बाप्पा कसा आहे विचारशील, साबुदाण्याची खिचडी पाठवशील. मला ते आता सोसणार नाही. तुला मशीनने हरवलं नाही, मी हरवलं, आणि ते तुला ठाऊक असायला हवं. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा मंगळवार उजाडलेला असेल, फार तर बुधवार. समिती उठलेली असेल, फाईल बंद झालेली असेल, शेरा तिथेच असेल. हे पत्र घेऊन कुठे जायचं असेल तर जा, पायल जा म्हणेलच. पण तू जाणार नाहीस, मी तुला बावीस वर्षं ओळखते. गेलीस तर निदान एकदा माझ्यावर चिडलीस असं होईल. मी पाकीट पोचपावतीसह पाठवते आहे. पोस्टमन कार्ड पुढे करेल आणि कुणी पाठवलं ते बघायच्या आधीच तू सही करशील, कारण पाठवणाऱ्याला कळवायचं का असं कुणी विचारलं की तू हो म्हणतेस. ते कार्ड परत माझ्याकडे येईल. मी ते तुझ्या पहिल्या पोचेशेजारी ठेवीन, दहा वाजून बारा मिनिटांच्या, कारण तीही मी छापून ठेवली आहे. या वेळी मात्र तू खरंच वाचलेलं असशील.

तुझीच,
प्रमोदिनी